घरच्या संगणकाची स्मृती व साठवण



वारणानगर म्हटले की ऊस, साखर व दूध यांचे स्मरण प्रथम होते; परंतु ग्रामीण संगणकाच्या इतिहासातही या स्थळाचे नाव आहे. १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेची सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना येथे हाती घेतली. गावोगावी संगणक-केंद्रे उघडली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्यांचे तेथील काम मुख्यतः ऊस व खते यांच्या नोंदींपुरतेच असल्याचे दिसून आले. मग सात गावांत साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर तेच काम चालवून पाहिले, आणि ते चालले. यंत्र कामापेक्षा मोठे झाले होते! घरासाठी संगणक घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ही हकीकत आठवावी.

दुकानदार ‘आठ आणि पाचशे बारा’ असे दोन आकडे सांगतो. दोन्ही गिगाबाइटचेच असल्याने घोटाळा होतो. पहिला आकडा स्मृतीचा, म्हणजे रॅमचा. तो वर्गातील फळा होय. दुसरा साठवणीचा, ते कपाट. फळा लहान असला की पुसून पुसून लिहावे लागते व संगणक मंदावतो. अशा वेळी कपाट कितीही मोठे असले तरी उपयोग नाही. शिवाय वीज जाताच फळा कोरा होतो. खेड्यात हा अनुभव नित्याचा. म्हणून लिहिलेला मजकूर वरचेवर जतन करावा.

विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती लागते. पण तेवढ्यात काम रडतखडतच चालते. पत्रे, गुणपत्रके, इंटरनेट यांना ८ पुरते. पाठांच्या चित्रफिती जुळवणाऱ्याने १६ घ्यावी. पुष्कळ लॅपटॉपांत स्मृती कायमची जोडलेली असते, तेव्हा ‘पुढे वाढवता येईल काय?’ हे पैसे मोजण्याआधीच विचारावे.

साठवणीचा हिशोब मात्र वेगळा. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. २,००० चिन्हांचे पान सुमारे ६ किलोबाइटचे झाले. एका गिगाबाइटात अशी दीड लाखांहून अधिक पाने मावतील. जन्मभर टाचणे लिहिली तरी कपाट भरणार नाही! भरतात ती छायाचित्रे व चित्रफिती. ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र अशा ५०० पानांची जागा अडवते. केवळ लेखनकाम असेल तर २५६ गिगाबाइट, स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती ठेवायच्या तर ५१२. फिरत्या तबकडीची मोठी हार्ड डिस्क घेण्यापेक्षा लहान एसएसडी घ्यावी. ती कितीतरी वेगाने चालते व धक्क्याला सहसा दाद देत नाही. ५१२ ची वस्तू पडद्यावर सुमारे ४७६ दाखवते, ती फसवणूक नव्हे. बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १,०२४ ने, इतकेच.

सर्वांत मोठे कपाट घेण्याचा मोह आवरून उरलेल्या पैशांत एक स्वतंत्र बाहेरची डिस्क घ्यावी. साठवणीचे साधन बिघडताना पूर्वसूचना देईलच असे नाही, आणि वर्षभराच्या मूल्यमापनाच्या नोंदी एका क्षणात जातात. दर शनिवारी दुसरी प्रत काढावी, आणि ती डिस्क संगणकाच्याच पिशवीत ठेवू नये.