हळदीचा दाखला आणि घरची वही

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, वसई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या व्याख्यानासाठी आम्हांस विषय नेमून दिला तो 'विद्यापीठे आणि पेटंट' हा. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या चार नळ्या आणि एक स्पिरिटचा दिवा, एवढाच आमचा अनुभव. तेव्हा जीवतंत्रज्ञान, औषधशास्त्र किंवा अतिसूक्ष्म द्रव्ये यांचे अंतरंग उलगडून दाखविण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु आपल्या समाजातील मुलेमुली आता सकाळच्या लोकलने माटुंग्याच्या नि पवईच्या संस्थांत उच्च शिक्षणास जाऊ लागली आहेत. त्यांचे आईबाप आम्हांस विचारतात, "मास्तर, मुलगी म्हणते पेटंटवर नाव लागणार. म्हणजे नेमके काय लागणार?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, तेच आज आपणांपुढे ठेवतो.

पेटंट, ज्यास शासकीय मराठीत 'एकस्व' म्हणतात, हा शोधक आणि सरकार यांच्यातील एक करार होय. शोधकाने आपली युक्ती सर्वांस वाचता येईल अशी लिहून द्यावयाची. त्याच्या मोबदल्यात सरकार त्यास अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे इतरांना ती वापरण्यास मना करण्याचा हक्क देते. मुदत सरली की ती युक्ती सर्वांची होते. यासाठी तीन कसोट्या आहेत. गोष्ट नवी हवी. त्या विषयाच्या जाणकारास सहज सुचण्याजोगी नसावी. आणि तिचा व्यवहारात उपयोग व्हावा. आपल्या देशात 1970 चा कायदा चालतो. औषधाच्या बाबतीत त्याने फक्त ते तयार करण्याच्या रीतीला हक्क दिला होता. 2005 पासून प्रत्यक्ष औषधालाही तो मिळू लागला.

आता विद्यापीठाचा यात संबंध काय? सरस्वतीच्या मंदिरात हा दुकानदारीचा व्यवहार कशाला, असे आपल्यातील वडीलधाऱ्यांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. परंतु इन्सुलिनची हकिगत वाचली आणि विचारास दुसरी दिशा मिळाली. मधुमेहावरील हे औषध 1921-22 साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात सिद्ध झाले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी 1923 साली त्याचे हक्क एकेक डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. हेतू हा की, कोणा एका कारखानदाराने त्यावर मक्ता सांगू नये. म्हणजे पेटंट हे कुलूप खरे, पण किल्ली कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते.

पुढे अमेरिकेत 1980 साली कायदा झाला आणि सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांस ठेवता येऊ लागली. तेव्हापासून तेथील विद्यापीठे पेटंटांच्या मागे लागली. आपल्याकडेही हे वारे आले आहे. 2021 साली केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांसाठी पेटंटची फी 80 टक्क्यांनी उतरविली. याची चांगली फळेही दिसतात. चेन्नईच्या आय.आय.टी.मध्ये पाण्यातील कीटकनाशके धरून ठेवणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले, त्यांची पेटंटे घेतली गेली आणि 2007 च्या सुमारास ते घरगुती गाळणयंत्रात आले. हे कण नॅनोमीटरने मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग करावे, त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आणि आपल्या पवईचे उदाहरण तर ताजे आहे. तेथील आय.आय.टी. आणि टाटा मेमोरिअल रुग्णालय यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर एक उपचार सिद्ध केला. रोग्याच्याच रक्तातील पांढऱ्या पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या रोगाशी झुंजण्यास परत शरीरात सोडावयाच्या, अशी ती रीत आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. परदेशात ज्या उपचारास तीन-चार कोटी रुपये पडतात, तो येथे सुमारे एक दशांश खर्चात होऊ लागला. एक दशांश ही रक्कमही तुम्हांआम्हांस डोंगराएवढीच आहे; तथापि दिशा योग्य आहे असे कोणीही म्हणेल.

ही झाली नव्या शोधांची गोष्ट. परंतु ज्या घटनेमुळे हा विषय आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला, ती आता सांगावयाची आहे.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास एक पेटंट मिळाले. विषय कोणता? जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर! संशोधक दोघे, आणि दोघेही भारतीय वंशाचे. वाडीत कोयता लागला, विळीवर बोट कापले, तर आपल्या आयाबहिणी धावतात त्या हळदीच्या डब्याकडेच. ही गोष्ट 'नवी' ठरली ती कशी?

याचे उत्तर तेथील कायद्यात होते. त्या काळच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे, अमेरिकेबाहेर एखादी गोष्ट लोक नुसती वापरीत आहेत, हा पुरावा होत नसे. ती कोठेतरी छापलेली वा लिहिलेली असावी लागे. कोट्यवधी माता हजार वर्षे हळद लावीत आल्या, तरी त्यांची साक्ष धरली जात नव्हती. कागद दाखवा, एवढेच विचारले जात होते.

कागद दाखविला तो एका मराठी माणसाने. डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांचा जन्म 1943 साली गोव्यातील माशेल गावी झाला. लहानपणी पितृछत्र हरपले; आईने मुंबईत कष्ट करून त्यांस वाढविले. 1960 साली ते मॅट्रिकला बोर्डात 11 वे आले आणि पुढे माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून पदवी व डॉक्टरेट मिळविती झाले. या गृहस्थांच्या परिषदेने 1996 साली हळदीच्या पेटंटाची फेरतपासणी मागितली. सोबत 32 दाखले जोडले. त्यांत संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथ होते, काही तर शंभर वर्षांहून जुने. आणि त्यांत 1953 सालचा, भारतीय वैद्यक संघटनेच्या मासिकातील एक लेखही होता. 1997 साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने पेटंटातील सर्वच दावे रद्दबातल ठरविले. या विजयास कोणी हळदीघाटाची लढाई म्हणाले, ते उगीच नव्हे.

त्या 1953 च्या लेखाचा विचार आमच्या मनातून जात नाही. तो लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल की, चव्वेचाळीस वर्षांनी सातासमुद्रापलीकडे आपली पाने देशाची साक्ष देतील. त्याने पाहिले ते लिहिले. छापणाऱ्याने तारीख घालून छापले. तेवढ्याने काम झाले.

या धड्यावरून 2001 साली सरकारने पारंपरिक ज्ञानाचा एक संगणकीय कोश आरंभिला. संस्कृत, हिंदी, अरबी, फारसी, उर्दू व तमिळ ग्रंथांतील औषधयोग काढून ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत मांडले, म्हणजे परदेशच्या तपासनीसास ते वाचता यावे. कार्य थोर आहे यात संशय नाही. परंतु त्याचा मुख्य आधार ग्रंथ हा आहे. जे ग्रंथात कधी आलेच नाही, जे सासूकडून सुनेकडे नि आजोबांकडून नातवाकडे तोंडी आले, त्याचे काय?

तोंडी ज्ञानाची काय गत होते, याचे एक उदाहरण विदर्भातले देतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. आपल्या शेतात निराळी दिसलेली भाताची लोंबी त्यांनी वेचली, वर्षानुवर्षे निवडून वाढविली आणि एक उत्तम बारीक भात तयार केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून तो 'एच.एम.टी.' म्हणून दूरवर पसरला. 1994 साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि 1998 साली शुद्ध केलेले वाण आपल्या नावाची अक्षरे जोडून प्रसृत केले. दादाजींचा पुढे गौरव झाला, पदके मिळाली. पण त्या पिकाच्या प्रमाणात पैका त्यांच्या घरी आला नाही. 3 जून 2018 रोजी ते निवर्तले. शेतकऱ्याने जोपासलेल्या वाणाची त्याच्या नावे नोंद करता येईल, असा कायदा देशात झाला तो 2001 साली. दादाजींनी लोंबी वेचली तेव्हा नोंदीची अशी कोणतीच वही नव्हती.

मंडळी, या साऱ्यातून आम्हांस दोन नियम दिसतात. ते एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून नीट लक्षात ठेवावे.

पहिला नियम विद्यार्थ्यांसाठी. शोध नवा असेल, तर अर्ज दाखल होईपर्यंत त्याचा बभ्रा करू नये. परिषदेत निबंध वाचला, मासिकात छापला, किंवा हौसेने या स्मरणिकेत लेख दिला, तर तो 'नवा' राहत नाही. कायद्यातील सवलती थोड्या आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये. रोजच्या प्रयोगाची वही तारीखवार ठेवावी. प्रथम तात्पुरता अर्ज करता येतो. पूर्ण मजकूर देण्यास त्यानंतर 12 महिने मिळतात. अर्जाचे कार्यालय दूर नाही, ते मुंबईतच अँटॉप हिल येथे आहे. आणि आईबापांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, संशोधक म्हणून मुलीचे नाव लागते, परंतु हक्क सामान्यतः संस्थेचा असतो; मिळकतीत संशोधकाचा वाटा किती, हे त्या संस्थेच्या नियमांत लिहिलेले असते. प्रवेश घेतानाच तो कागद मागून वाचावा. सही करून मग वाचण्याची आपली जुनी खोड येथे महागात पडते.

दुसरा नियम घराघरांसाठी. ज्ञान जुने असेल, तर ते शक्य तितक्या लवकर, तारखेसह छापावे. भारतीय कायद्यानुसार परंपरागत ज्ञानावर पेटंट मिळत नाही, आणि स्थानिक समाजाला तोंडी ठाऊक असलेली गोष्ट हीदेखील पेटंटास विरोध करण्याचे कारण होऊ शकते. पण ती ठाऊक होती हे दाखवावयाचे कशाने? सांगणारी आजी तोवर राहिली तर ना!

छापण्याने पैसा मिळेल, अशी आशा मात्र कोणी धरू नये. छापलेली गोष्ट जशी परक्याच्या मक्त्यात जात नाही, तशी ती आपल्याही मक्त्यात येत नाही. ती सर्वांची होते. आम्हांस विचाराल तर तेच उचित आहे. आपल्या वाडवडिलांनी हळद लावताना शेजाऱ्याकडून दाम घेतले नव्हते.

आता आपल्या वसईकडे पाहू. आगाशीची सुकेळी सर्वांस ठाऊक. राजेळी केळे कोणत्या दिवसाचे घ्यावे, किती उन्हे द्यावी, ते पुरते वाळले हे बोटाला कसे कळते, हे लिहिलेले पान आपल्यापैकी किती घरांत आहे? पानवेलीला कोणते खत मानवते, पावसाळ्यात तिचे कुजणे कसे आवरावे, तान्ह्या मुलाच्या पोटदुखीस वाडीतला कोणता पाला, बाळंतिणीस काय द्यावे नि काय वर्ज्य करावे, ही सारी विद्या आज सत्तरी-ऐंशीच्या माणसांपाशी आहे. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. वाडी गेली की झाड जाते, आणि झाड गेले की त्याचा गुण सांगण्याचे प्रयोजनही उरत नाही. आपल्याच जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील बागाईतदारांनी एकत्र बसून कागद तयार केले, म्हणून ते साधले.

याबाबत कायदाही आपल्या बाजूस आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांची नोंदवही तयार करावयाची असते. झाडे, वाणे आणि त्यांचे उपयोग जे लोकांस ठाऊक आहेत, ते लोकांच्याच सांगण्यावरून तीत उतरावयाचे असतात. सांगणारे आपण आहोत. समिती दारी येण्याची वाट का पाहावी?

यास्तव आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वधूवर-परिचय, देणगीदारांची यादी आणि गुणवंतांची छायाचित्रे यांच्या जोडीस आठ पाने राखून ठेवावी. सुटीत शाळा-कॉलेजातील मुलांनी आपापल्या घरच्या वृद्धांपाशी वही घेऊन बसावे. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, झाडाचे आपल्या बोलीतील नाव, कृती आणि तारीख एवढे उतरून घ्यावे. आजीचा शब्द सुधारू नये. ती जसे म्हणते तसेच लिहावे. औषधाची कृती असेल तेथे 'वैद्य-डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नये' अशी टीपही छापावी, कारण नोंद ठेवणे निराळे आणि उपचार करणे निराळे. छापलेल्या अंकाची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात आणि एक जैवविविधता समितीकडे द्यावी. यास फारसा पैसा लागत नाही. लागते ते बसण्याचे सौजन्य.

सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्या मातोश्रींना आमची एक विनंती आहे. नातू वही घेऊन आला, तर "मला अडाणीला काय कळते" असे म्हणून त्यास परत पाठवू नका. 1997 साली जे सिद्ध झाले ते आपलेच म्हणणे होते. त्यास केवळ कागदाची वाण होती.