जो शिबिराला आला नाही, त्याची गणना
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



औषधदानाची परंपरा आपल्या समाजाने निष्ठेने जपली आहे. अशाच एका शिबिरात, तलासरी तालुक्यात, विद्यार्थिदशेत मी नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. सायंकाळी रजिस्टर भरलेले पाहून आम्ही समाधानाने निघालो, तोच एका वयोवृद्ध डॉक्टरांनी सहज विचारले, "या गावची एकूण वस्ती किती?" कोणालाच सांगता आले नाही. दिवाळी नुकतीच उलटली होती. कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली होती, कित्येक तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून. ज्यांना आमची अधिक गरज होती ते तेथे नव्हतेच, आणि आमच्या रजिस्टरात त्यांच्यासाठी रकानाही नव्हता. त्या प्रश्नाने मला लोकसंख्येच्या आरोग्याच्या अभ्यासाकडे वळविले.

डॉक्टर समोरच्या रुग्णाला तपासतो. ही विद्याशाखा संपूर्ण वस्तीला तपासते. कोण जन्मले, कोण दगावले, कोण स्थलांतरित झाले, आजार कोणत्या पाड्यावर अधिक आणि का, हे ती शोधते. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे अवघड वाटू नये. केवळ रोजकीर्द पाहून पेढी चालत नाही, खतावणीत थकबाकी कोणाकडे आहे तेही पाहावे लागते. आम्ही शिबिराची रोजकीर्द तेवढी लिहीत होतो.

या शास्त्राचे देशातील प्रमुख विद्यापीठ आपल्यापासून फार दूर नाही. डहाणूहून लोकलने दादर, तेथून कुर्ला आणि पुढे गोवंडी. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने स्थापन झाली आणि १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. लोकसंख्याशास्त्र व जीवसांख्यिकी यांचे पदव्युत्तर शिक्षण तेथे मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ पासून २०१९-२१ पर्यंतच्या पाचही फेऱ्या याच संस्थेने पार पाडल्या.

त्यातील एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. परंतु २०१५-१६ च्या फेरीत जिल्हे २०११ च्या जनगणनेप्रमाणे धरले गेल्याने आपली आकडेवारी ठाण्यातच मिसळलेली राहिली. नवी मुंबईतील बालक आणि गंजाडच्या पाड्यावरील बालक यांची एकच सरासरी! पालघरचा स्वतंत्र तक्ता प्रथम २०१९-२१ च्या फेरीत आला. राज्यात पाच वर्षांखालील, वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचे प्रमाण या दोन फेऱ्यांत ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे कमी झालेच नाही. ही बाब दवाखान्यात बसून कळत नाही.

सिकलसेलचेही तसेच. हा आनुवंशिक रक्तविकार आपल्या आदिवासी बांधवांत आढळतो. ज्याच्यात त्याचा एकच जनुक आहे, त्या वाहकाला बहुधा काहीही त्रास नसतो, म्हणून तो शिबिराला येण्याचे कारणच नाही. परंतु दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्याला शोधायचे तर त्याच्या दारी जावे लागते. रक्त कमी म्हणून आम्ही लोहाच्या गोळ्या वाटल्या. त्यांतील कोणाला सिकलसेल होता, हे आम्ही तपासले नव्हते. ती चूक आमचीच.

या शिक्षणाने काय साधते, याचे उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. त्यांनी प्रथम गावागावांतील जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद केली, त्यातून नवजात बालके घरीच दगावतात हे दिसले, आणि मग गावातल्याच स्त्रियांना त्यांच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. त्यासाठी मोठे रुग्णालय बांधावे लागले नाही.

आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत वैद्यकीय, अभियांत्रिकी, सी.ए. आहे, ही शाखा नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन शिष्यवृत्त्या तिच्यासाठी राखाव्यात, एक आपल्या घरच्या मुलामुलीला आणि दुसरी तलासरी-डहाणूच्या पाड्यावरील वारली मुलीला, अशी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. वारली भाषेत दारोदार प्रश्न विचारणे तिला जितके साधेल, तितके आम्हांला साधणार नाही.

आणि पुढचे शिबिर दिवाळीनंतर नको, भातकापणीला प्रारंभ होण्यापूर्वी, माणसे गावात असताना घ्यावे. तत्पूर्वी आशाताईंकडून घरांची यादी मागवावी आणि शिबिर आटोपल्यावर त्या यादीतील जी नावे आली नाहीत, त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी आपण जावे. येण्यास मी तयार आहे.