स्वर्गात खुर्च्या किती?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी आज थोडा लवकरच पोचलो. तेव्हा ह्या व्यासपीठावर खुर्च्यांची हलवाहलव चालली होती. आधी तीन होत्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आभार मानणाऱ्यांचीही सोय हवी, म्हणून चौथी आली. चार झाल्यावर मधली कोणती, हा नवाच घोळ. शेवटी एक मागे सरकवली, अध्यक्षांना मध्ये बसवलं आणि मला त्यांच्या उजव्या हाताला. मी मनात म्हटलं, निम्मं व्याख्यान कार्यकर्त्यांनीच उरकलं. देवाच्या सिंहासनावरून ख्रिस्ती पंडित शतकानुशतकं भांडले, त्यातली बरीचशी भांडणं ह्याच दोन प्रश्नांची आहेत: आसनं किती, आणि उजव्या हाताला बसणं म्हणजे नेमकं काय?

‘खुर्ची’ हा शब्द कुणाला खटकला असेल तर आधीच खुलासा करतो. जुन्या कराराच्या हिब्रूत सिंहासनाला ‘किस्से’ म्हणतात आणि बसायच्या साध्या आसनालाही तेच. शुनेम गावच्या एका सधन बाईने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर लहानशी खोली बांधून घेतली आणि तीत चार वस्तू मांडल्या: खाट, मेज, खुर्ची, दिवा. त्या पाहुण्याच्या खोलीतली खुर्ची आणि यशयाला दिसलेलं देवाचं आसन, मूळ भाषेत शब्द एकच. मराठी बायबलात कुठे ‘राजासन’ येतं, कुठे ‘सिंहासन’. सिंहासन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे थेट रायगड उभा राहतो, त्याला इलाज नाही. पण शलमोन राजाच्या आसनाला तो शब्द अक्षरशः लागू पडतो. हस्तिदंताचं, सोन्याने मढवलेलं, सहा पायऱ्यांचं. हात टेकायच्या जागी दोन सिंह आणि पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना मिळून बारा. ह्या शलमोनाबद्दल इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा लेखक अगदी सहज लिहून जातो की तो परमेश्वराच्या सिंहासनावर बसला. माणूस, आणि देवाच्या आसनावर! हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मंदिर बांधलं तेही शलमोनानेच. सगळ्यात आतल्या खोलीत कराराचा कोश, त्याच्यावर सोन्याचं झाकण म्हणजे दयासन, आणि वर पंख पसरलेले करूब. आजूबाजूच्या राज्यांतल्या देवळांत जिथे मूर्ती असायची, ती जागा इथे मोकळी. त्यातही एक बारकावा आहे. दावीद राजा ह्या कोशाचा उल्लेख करतो तो देवाचं पादासन म्हणून. म्हणजे खोलीत होता तो पाय टेकायचा पाट. बसायची जागा त्या खोलीत मावलेलीच नव्हती. मंदिराच्या अर्पणाच्या वेळी शलमोन स्वतःच ही शंका बोलून दाखवतो, की आकाशात न मावणारा देव ह्या घरात कसा मावणार. ज्याने घर बांधलं त्यानेच वास्तुशांतीच्या दिवशी असं म्हणावं, हे मला फार आवडतं.

मग ते आसन कुणी पाहिलं? यशयाने पाहिलं. उज्जीया राजा वारला त्या वर्षी, इ.स.पू. ७४०च्या सुमारास, म्हणजे यरुशलेमेतली राजाची गादी नुकती रिकामी झालेली असताना. प्रभूला पाहिलं असं तो स्वच्छ सांगतो. आपण कान टवकारतो, आता चेहऱ्याचं वर्णन येणार. येतं काय, तर झग्याचा घोळ. तेवढ्यानेच मंदिर भरून गेलं होतं. सराफीम उडत होते, त्यांना सहा सहा पंख, आणि त्यातल्या दोन पंखांनी ते आपलीच तोंडं झाकून घेत होते. उंबरठे हादरले, धूर कोंडला. ह्या साक्षीदाराला कोर्टात उभं केलं तर समोरचा वकील दुसऱ्या प्रश्नालाच त्याला खाली उतरवेल.

यहेज्केलाची साक्ष आणखी पुढची. तो याजकांच्या घराण्यातला, पण देशोधडीला लागून बाबेलमध्ये खबार नदीच्या काठी येऊन पडलेला. साल इ.स.पू. ५९३. बरोबरच्या लोकांच्या मनात एकच काटा: आपण इथे आणि देव तिकडे यरुशलेमेत. अशा वेळी ह्याला आसन दिसलं, आणि त्या आसनाबरोबर चाकं होती. चाकांत चाकं, धावांवर सगळीकडे डोळे, चारही दिशांना न वळता जाणारी. स्थानबद्ध देवाची कल्पना त्या चाकांखाली कायमची गेली. मात्र आसनावर कोण, हे सांगताना यहेज्केलाची जीभ अडखळते. आसनासारखं काही, त्यावर माणसासारखं काही, आणि शेवटी तर ‘तेजाच्या साम्याचं दर्शन’ अशी तिहेरी पडद्याआडची भाषा. यहुदी गुरूंना हा अध्याय इतका जड वाटला की मिश्नेत नियम घातला: आपल्या बुद्धीने उमजणारा ज्ञानी असेल तरच त्याला तो एकट्याला शिकवावा. इथे समोर दोनशे माणसं बसलेली दिसतात, म्हणून मीही पुढे सरकतो.

आता खरी मोजदाद. दानीएलाच्या सातव्या अध्यायात पुराणपुरुष न्यायाला बसतो. पांढरं वस्त्र, लोकरीसारखे केस, अग्नीचं आसन. पण त्याच्या आधी मूळ मजकुरात शब्द येतो तो अनेकवचनी: आसनं मांडली गेली. एक देवाचं, मग दुसरं कुणाचं? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे थोर रब्बी अकिवा ह्यांनी उत्तर दिलं, एक देवाचं आणि एक दाविदाचं, म्हणजे येणाऱ्या मसीहाचं. त्यावर गालीलचे रब्बी योसे उसळले. देवाच्या सान्निध्याचा हा अवमान किती दिवस चालवणार, असं त्यांनी अकिवांना सुनावलं, आणि दोन आसनं म्हणजे एक न्यायाचं व एक दयेचं, असा तोडगा काढला. हा वाद तालमुदात नोंदला आहे. लक्षात घ्या, हे दोघेही यहुदी, ख्रिस्ती कुणीच नाही. दुसऱ्या खुर्चीची धास्ती चर्चने निर्माण केलेली नाही; ती आधीपासून घरात होती.

येशूच्या खटल्याकडे ह्या बाजूने पाहा. महायाजक विचारतो, तू ख्रिस्त आहेस का? येशू उत्तरात दोन जुने धागे एकत्र पिळतो: दानीएलातला मेघांवरून येणारा मनुष्याचा पुत्र, आणि ११०व्या स्तोत्रातलं देवाच्या उजवीकडे बसण्याचं आमंत्रण. महायाजक आपली वस्त्रं फाडतो. तोवर साक्षीदारांचं एकमेकांत जुळत नव्हतं. ह्या एका खुर्चीच्या दाव्याने काम झालं. त्या स्तोत्राची ती पहिली ओळ नव्या करारात जितक्यांदा येते, तितकी जुन्या करारातली दुसरी कुठलीही येत नाही.

त्याआधी काही दिवस जब्दीच्या मुलांची आई येशूकडे आली होती. मत्तयाने तिची मागणी नोंदवली आहे: तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. बाकीचे दहा शिष्य संतापले. साहजिक आहे, त्यांच्याही आया होत्या. येशू म्हणाला, ते देणं माझ्याकडे नाही. मत्तय पुढे सात अध्यायांनी वधस्तंभाचा प्रसंग सांगतो, आणि तिथे तो न चुकता लिहितो की एक लुटारू उजवीकडे होता, एक डावीकडे. ती आईही लांब उभ्या असलेल्या बायकांत होती, हेही त्यानेच नोंदवलंय. ह्यावर मत्तय एक शब्दही भाष्य करत नाही.

पुढे उजव्या हाताचा अर्थ लावायची पाळी चौथ्या शतकावर आली. इ.स. ३२५च्या निकियाच्या मतांगीकारात पुत्र स्वर्गात गेला एवढंच आहे, बसल्याचा उल्लेख नाही. तो आला ३८१च्या कॉन्स्टंटिनोपलच्या मतांगीकारात. मधल्या काळात वाद पेटला होता, की शेजारी बसवला म्हणजे तो दुय्यम ठरतो का? दरबारात मुख्य आसन एकाचंच, बाकी मानकरी. कैसरियाच्या बेसिलने ३७५च्या सुमारास पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने हा मुद्दा उलटवला. उजवी बाजू म्हणजे खालची जागा नव्हे, तो बरोबरीचा मान. आणि देवाला डावं-उजवं लावायला तो काही जागेत बांधलेला नाही. ऑगस्टिन ३९३ साली बिशपांच्या सभेत बोलताना आणखी स्पष्ट झाला. बसणं म्हणजे गुडघे मोडणं नव्हे, न्यायाचा अधिकार हातात असणं. बसलेल्या देवाची मूर्ती मंदिरात ठेवणं वाईट, आणि मनात ठेवणं त्याहून वाईट.

पटतं ना? मलाही पटतं. पण एक म्हातारा मला सोडत नाही. ३९९ साली अलेक्झांड्रियाच्या थिओफिलस बिशपाचं पत्र मिसरच्या वाळवंटातल्या मठांत वाचलं गेलं: देवाला मानवी आकार नाही, तसं मानणं चूक आहे. तिथे सेरापियन नावाचा वयोवृद्ध साधू होता, आयुष्यभर कडक व्रतात राहिलेला. त्याला शास्त्र समजावून सांगण्यात आलं, त्याने ते मान्यही केलं. मग सगळे प्रार्थनेला उभे राहिले, आणि म्हातारा मध्येच जमिनीवर कोसळून रडू लागला. माझा देव ह्यांनी काढून नेला, आता मी कुणाला धरू, अशा अर्थाचं तो बोलत होता. जॉन कॅसियनने हे लिहून ठेवलं आहे, आणि तो स्वतः थिओफिलसच्या मताचा होता. तरी त्याने तो हुंदका गाळला नाही. धर्मशास्त्राच्या वर्गात ऑगस्टिन शिकवावा, पण सेरापियन वगळून शिकवू नये, असं माझं मत आहे.

हाच प्रश्न ११०० वर्षांनी जेवणाच्या मेजावर आला. १५२९ साली मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. झ्विंग्लीचं म्हणणं: ख्रिस्ताचा देह पित्याच्या उजवीकडे स्वर्गात आहे, मग तो प्रभुभोजनाच्या भाकरीत कसा असेल? लूथरचं उत्तर तो आधीच लिहून चुकला होता: देवाचा उजवा हात सगळीकडे आहे, स्वर्गात सोन्याची खुर्ची टाकून कुणी बसलेलं नाही. मेजावर खडूने त्याने ‘हे माझं शरीर आहे’ असं लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं. समेट झाला नाही. एका उजव्या हाताच्या अर्थावरून प्रॉटेस्टंट पंथात जी फट पडली, ती त्यानंतर शतकानुशतकं राहिली.

आपल्याकडे ही अडचण वेगळ्या वाटेने आली. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ला गोव्यात उतरले, आणि त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठीत सुमारे ११,००० ओव्या. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ शब्द घेतला. आता वैकुंठ म्हटल्यावर तिथे कोण बसलंय हे मराठी श्रोत्याला सांगावं लागत नाही. आसन भरलेलंच होतं, स्टीफन्सना त्यावर बसणारा बदलायचा होता. हे धाडस की भाबडेपणा, ह्यावर एक वेगळं व्याख्यान होईल.

रोममध्ये सांता मारिया माज्जोरे नावाचं मंदिर आहे. त्याच्या कमानीवर पाचव्या शतकातलं मणिचित्र आहे, अगदी मधोमध एका वर्तुळात सिंहासन. त्यावर माणूस नाही, रत्नजडित क्रूस आहे. पेत्र आणि पौल दोन्ही बाजूंना उभे. ‘सिद्ध केलेलं आसन’ म्हणून हा चित्रप्रकार पुढे पूर्वेकडच्या चर्चमध्ये रूढ झाला. पंडितांनी शेकडो पानं खर्चून जे सांगितलं ते कारागिराने काचेच्या तुकड्यांत सांगितलं: खुर्ची दाखवतो, बसणारा दाखवत नाही.

प्रकटीकरणाचा योहानही हेच करतो. पात्म बेटावर त्याला दार उघडलेलं दिसतं, आत आसन मांडलेलं. बसणाऱ्याविषयी तो दोन रत्नांची नावं घेतो, यास्फे आणि सार्दि, आणि पाचूसारख्या मेघधनुष्याचं. नाक नाही, डोळे नाहीत. भोवती चोवीस आसनं, त्यांवर चोवीस वडील. मोजदाद वाढली म्हणावं तर ते वडील आपले मुकुट काढून खाली टाकतात. मग यहुदाचा सिंह येणार अशी घोषणा होते. आपल्याला वाटतं, आता खरं सिंहासन. पुढे येतो तो कोकरा, वधलेला, तरी उभा. आणि शेवटच्या अध्यायात आसन एकच उरतं, देवाचं आणि कोकऱ्याचं. लगेच पुढे योहान ‘त्याचे दास’ म्हणतो. दोघांची नावं घेऊन सर्वनाम एकवचनी! शाळेतल्या मास्तरांनी लाल रेघ मारली असती. अकिवा आणि योसे ह्यांच्या भांडणाचा निकाल योहान असा व्याकरण मोडून लावतो. शलमोनाचं वाक्य ध्यानात ठेवा म्हणालो होतो, ते इथे लागतं: देवाच्या आसनावर माणूस बसतो ही गोष्ट ह्या लोकांना अगदीच नवी नव्हती.

राहिला तो प्रश्न, जो रविवारच्या शाळेतलं मूल हमखास विचारतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तर तिसरा कुठे बसतो? मला एका मुलीने विचारला होता, आणि मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रकटीकरणात आत्म्यासाठी आसन नाही. आसनासमोर सात दिवे जळतात, ते देवाचे सात आत्मे असं म्हटलंय, पण दिवे काही बसत नाहीत. शेवटचं पान मात्र पुन्हा वाचा. त्या एकाच आसनातून जीवनाच्या पाण्याची नदी निघते, स्फटिकासारखी, आणि नगराच्या हमरस्त्याच्या मधून वाहते. दोन्ही काठांवर महिन्या-महिन्याला फळणारं झाड. योहानाच्याच नावाच्या शुभवर्तमानात येशू जिवंत पाण्याच्या नद्यांविषयी बोलतो, आणि लेखक तिथे कंसात सांगावं तसं सांगतो की हे तो आत्म्याविषयी बोलला. ती मुलगी आता कुठे असेल कुणास ठाऊक. भेटली तर सांगेन, तो बसत नाही गं, तो वाहतो.