काकूंच्या हातातला फोन

(मंडळाच्या उत्सवपूर्व सभेतील भाषण)



गेल्या वर्षी मंडळाच्या ॲपने ऐन उत्सवात दगा दिला, ते आपण विसरला नसाल. बालनाटिकेची वेळ तासभर अलीकडे आणली, तशी सूचना ॲपवर टाकली. आपल्या एका काकूंना ती मिळालीच नाही. त्या आल्या तेव्हा पडदा पडला होता, नातवाचं काम बघायचं राहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. चार शब्द सुनावले असते तर आम्हाला हलकं वाटलं असतं.

चूक आमचीच. आम्ही तिघांनी ॲप तपासलं ते आपापल्या फोनवर, तिन्ही नवे, ८ जीबी रॅमचे. काकूंकडे मुलाने वापरून दिलेला २ जीबीचा फोन. बॅटरी वाचवायला तो मागे चाललेलं ॲप परस्पर बंद करून टाकायचा.

लॅपटॉपवर एम्युलेटर आहे, पडद्याचे आकार आणि अँड्रॉइडच्या आवृत्त्या बघायला तो उत्तम. पण कंपन्यांनी आपापल्या फोनला लावलेल्या अशा खोडी त्यात दिसत नाहीत.

म्हणून यंदा वर्गणीच्या टेबलावरच वही ठेवली. पावती फाडताना 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडचा आकडा आणि रॅम लिहून घेतली. मग आपल्या इंदूरच्या जेल रोडवर जाऊन, त्या वहीतल्या सर्वांत अशक्त फोनाच्या जोडीचा जुना फोन साडेतीन हजारांत घेतला. दुकानदार थोडे पैसे टाकून चांगला घ्या म्हणत होता. आम्हाला चांगला नकोच होता!

जुना घेताना मात्र डोळे उघडे हवेत. *#०६# दाबून आयएमईआय काढला, केवायएम लिहून पुढे तो आकडा टाकून १४४२२ वर संदेश पाठवला. चोरीचा म्हणून नोंदवून ब्लॉक केलेला असता तर तिथेच कळलं असतं. आधीच्या मालकाचं गुगल खातं समोरच काढून घेतलं, नाहीतर रिसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. मागचं झाकण फुगलेलं नाही ना, ते पाहिलं. लॅपटॉप सोबत नेला होता, कारण काही फोन केबलने चार्ज होतात पण डेटा घेत नाहीत, आणि आमची चाचणी केबलवर चालते. काचेला तडा आहे, चालतो. बोट कोपऱ्यापर्यंत लागतं.

घरी आल्यावर बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या की डेव्हलपर ऑप्शन उघडतात. (सात टेबलं फिरल्याशिवाय आमच्याकडे फाइलसुद्धा उघडत नाही.) मग अक्षर सर्वांत मोठं केलं, बॅटरी सेव्हर लावला, मेमरी फोटोंनी गच्च भरली. पहिल्याच संध्याकाळी 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली गेलेलं सापडलं, आणि वर्गणीची पावती उघडेना. दोन्ही दुरुस्त झालं. सूचनेचं मात्र पूर्ण आमच्या हातात नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक फोनवर सूट द्यावी लागते; त्यासाठी सभेनंतर आम्ही दाराशी बसतो आहोत, चष्मा आणि फोन घेऊन या. आयफोनचं ॲप करायला मॅक लागतो, ते यंदा जमलं नाही.

आजच्या सभेची सूचना मिळाली का, हे काकूंना सकाळीच फोन करून विचारलं. मिळाली होती. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.