गेलं, पण पोचलं का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत पाणी, पार्किंग, रंगकाम यांवर आपण मनसोक्त भांडलो. वडवणीचा उन्हाळा आणि टँकरची वाट सगळ्यांनी मिळून पाहिली. आज मी बोलणार आहे एका चुकीबद्दल. ती माझ्याच खजिनदारपदाच्या काळातली आहे.

2022 च्या जुलैची मेंटेनन्सची बिलं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नेहमीप्रमाणे ईमेलने आपोआप गेली, असं मी धरून चाललो. स्क्रीनवर ‘काम पूर्ण’ असं आलं होतं. मुदत संपली, वसुली झाली नाही, आणि मी व्याज लावून मोकळा झालो. तेव्हा एक ताई ऑफिसात येऊन म्हणाल्या, “साहेब, बिलच आलं नाही, तर भरायचं कशाचं?” मला ती सबब वाटली. तसं मी चारचौघांत बोललोही.

रात्री राहवेना. एक बिल स्वतःलाच पाठवलं. आलं नाही! नेट चालू, पत्ते बरोबर, अँटिव्हायरसचा अडथळा नाही. शेवटी प्रोग्रॅमची लॉग फाईल उघडली. प्रत्येक बिलापुढे एकच शेरा : युजरनेम-पासवर्ड नामंजूर. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये मात्र चालत होता.

कारण पुढे कळलं. 30 मे 2022 पासून गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यात नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रवेश देणं बंद केलं होतं. तसं आधीच जाहीर झालं होतं. वाचलं नाही ते आम्ही.

पुढच्या कमिटीने लिहून ठेवावं : खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, 16 अक्षरी ॲप पासवर्ड तयार करायचा आणि तोच प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये टाकायचा. पोर्ट 587, टीएलएस चालू. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, की ॲप पासवर्डही नवा काढावा लागतो.

बँकेत जावक रजिस्टर वेगळं आणि पोच वेगळी. जन्मभर हे पाळलं, आणि सोसायटीत विसरलो. सभेत व्याज माघारी घेतलं, ताईंची माफी मागितली. तेव्हापासून बिलाची पहिली प्रत खजिनदाराला येते. ती दिसल्यावरच बाकीची सुटतात. ज्येष्ठांच्या दारात कागदी बिल जातं.

शेजाऱ्याला खोटं ठरवण्याआधी आपलं रजिस्टर तपासावं, एवढंच सांगून थांबतो. जय सहकार!