अपस्मार शस्त्रक्रिया आणि स्मरणशक्तीची तपासणी



१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील भाग अपस्मारासाठी काढण्यात आला. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु नवे काही लक्षात राहीना. अनेक वर्षे तपासणाऱ्या डॉ. ब्रेंडा मिल्नर त्याला दर भेटीत अनोळखीच वाटत. २००८ साली निधन होईपर्यंत तो असाच जगला.

म्हणूनच आता शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला शब्द, आकृत्या, गोष्टी सांगून अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. हे शब्द मातृभाषेतील हवेत. अन्यथा न कळलेला शब्द विस्मृतीच्या खाती पडतो!

आम्हां हिशेबनीसांना यंत्राची किंमत मांडता येते, त्यावर देणगीदाराचे नावही कोरता येते. मानसतज्ज्ञांच्या या तासांवर ते कोरता येत नाही. तरीही त्यांच्या मानधनासाठी आम्ही आपणांस विनंती करीत आहोत.