पेटीवाल्या हातांना पियानोचा पहिला धडा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



तुमच्यापैकी काही जणी भजनी मंडळात पेटी वाजवत असतील. काहींच्या घरी मुलांसाठी घेतलेला छोटा कीबोर्ड कपाटावर धूळ खात पडला असेल. आज तो खाली काढू या. पियानो शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच देतात अशी एक रचना आहे, जी मेजर स्वरातलं मिन्युएट. ते कसं शिकायचं आणि मुख्य म्हणजे कोणत्या लयीत शिकायचं, ते सांगते.

ही रचना एका बाईच्या वहीत सापडते. आना माग्दालेना बाख या जर्मनीतल्या दरबारी गायिका. गाण्याचा त्यांना स्वतःचा पगार होता. १७२१ साली त्यांचं लग्न संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्याशी झालं. पहिल्या बायकोची मुलं सांभाळली, स्वतःची तेरा बाळंतपणं झाली, त्यातली सात मुलं लहानपणीच गेली. एवढ्या रगाड्यातही त्या नवऱ्याच्या रचना सुबक अक्षरात उतरवून काढत. १७२५ साली सुरू झालेल्या त्यांच्या वहीत घरात वाजवायच्या सोप्या रचना आहेत. त्यातलंच हे मिन्युएट. पुष्कळ वर्षं ते बाख यांचंच समजत. पुढे कळलं, ते ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचं आहे.

आता हात ठेवू. पांढरी पाच हा आपला सा. बाकी सगळे शुद्ध स्वर, त्यात नी तेवढा काळी तीनवर येतो. चाल पंचमावर सुरू होते, सा वर उतरते आणि पायरी पायरीने पुन्हा पंचमापर्यंत चढते. दुसऱ्या भागात कुठे कुठे तीव्र मध्यम लागतो, तो काळी एक.

ताल तीन मात्रांचा. मिन्युएट हा नाच होता आणि त्याचं एक पाऊल सहा मात्रांत पुरं होई. म्हणजे आपल्या दादऱ्याएवढंच. एक दोन तीन, चार पाच सहा, असं मोजलंत तरी चालेल.

अडचण येते डाव्या हाताची. पेटीवर डावा हात भाता मारतो, सूर उजवाच काढतो. इथे डाव्या हातालाही स्वतःचे सूर आहेत. म्हणून पेटी उत्तम येणाऱ्या बाईचाही हात इथे अडतो. त्यात लाज कसली? डाव्या हाताला हे काम कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून लय कशी ठरवायची ते ऐका. आपण सोप्या ओळीवर जोरात निघतो आणि कठीण ओळीत अडखळतो. उलट करा. सगळ्यात कठीण जागा आधी शोधा. ती जागा ज्या लयीत न चुकता निघते, तीच सगळ्या रचनेची लय. भिंतीवरच्या घड्याळाच्या एका टिकटिकीला एक मात्रा धरून बघा. जड गेलं तर दोन टिकटिकींना एक मात्रा. वाजवताना तोंडाने मोजा. मोजणं तुटलं किंवा खांदे ताठ झाले, की समजा, लय जास्त झाली.

आधी उजवा हात एकटा, मग डावा एकटा, मग दोन्ही मिळून. एका वेळी दोनच मापं, म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. सगळी मिळून बत्तीस मापं आहेत, सोळा-सोळाचे दोन भाग. रोज पंधरा मिनिटं पुरे. तीन दिवस न चुकता वाजलं, तरच लय थोडी वाढवा.

मुलं हसतील. म्हणतील, आई किती हळू वाजवतेस. त्यांना सांगा, लयीचे ठोके मोजणारा मेट्रोनोम १८१५ च्या सुमाराला आला. ही वही त्याच्या नव्वद वर्षं आधीची. मिनिटाला इतके ठोके, असा हुकूम तिच्यात कुठेच नाही. नाचणाऱ्याला द्रुत लागते, शिकणाऱ्याला विलंबित.

घरातल्या कामांना आपली लय दुसरेच ठरवतात. नळाला पाणी कधी येणार, एस.टी. कधी सुटणार, त्याप्रमाणे आपण धावतो. ही पंधरा मिनिटं तरी लय तुमची असू द्या. गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्याकडे कीबोर्ड आहे त्यांनी तो आणा, आणि पहिली दोन मापं सगळ्या जणी आळीपाळीने वाजवून बघा.